पूर्णपणे ऐच्छिक

शुक्रवारी सकाळी चहा गाळता गाळता बायको म्हणाली, "रविवारी दहा वाजता गाणं आहे आमचं. वाचनालयाच्या हॉलमध्ये. तुम्ही यायलाच पाहिजे असं काही नाही हं."

मसुदेकरांच्या हातातलं वर्तमानपत्र हळूच खाली आलं. दुसरा एखादा नवरा असता तर ‘बरं’ म्हणून त्याने पुढचं पान उलटलं असतं. पण मसुदेकरांची सगळी हयात असल्याच शब्दांमध्ये गेली होती. ते पाणीपुरवठा कार्यालयात वरिष्ठ लिपिक होते. कार्यालयातून बाहेर पडणारा प्रत्येक कागद, मग ती नोटीस असो, स्मरणपत्र असो की निरोपाचं भाषण, आधी त्यांच्या मसुद्यातून जायचा. म्हणून सगळे त्यांना मसुदेकर म्हणत. हे नाव इतकं रुळलं होतं की त्यांचं खरं आडनाव फक्त पगारपत्रकाला आणि बायकोला ठाऊक होतं.

"येणार म्हणजे येणारच," मसुदेकर म्हणाले.

"मागच्या दोन्ही वेळाही असंच म्हणाला होतात."

हे खरं होतं. बायको लग्नाआधी गात असे. पुढे मुलगी, नोकरी, सासूबाईंचं आजारपण यात गाणं मागे पडलं, आणि पडलं तेव्हा कुणाला आवाजही आला नाही. तीन वर्षांपूर्वी ती वाचनालयातल्या गायनवर्गाला जाऊ लागली. तेव्हापासून तिची दोन गाणी झाली आणि दोन्ही वेळा तेव्हाच्या साहेबांनी "मसुदेकर, जरा थांबता का?" असं विचारलं. मसुदेकर थांबले. घरी आल्यावर बायको दोन्ही वेळा फक्त "असू दे" म्हणाली. ‘असू दे’ म्हणजे काय हेही मसुदेकरांना चांगलं कळत होतं.

"या वेळी आकाश कोसळलं तरी येईन," असं म्हणून ते कार्यालयात गेले. आकाश अकरा वाजता कोसळलं.

साहेबांनी बोलावलं होतं. हे साहेब नवे होते, रुजू होऊन जेमतेम अडीच महिने झाले होते. कार्यालयाला ते ‘आपलं कुटुंब’ म्हणत. त्यामुळे लोक त्यांना जरा बिचकूनच असत.

"मसुदेकर, या रविवारी सकाळी दहा वाजता मी व्याख्यान देतोय. विषय आहे, ‘कामातला आनंद’. नोटीस काढा. मात्र एक लक्षात ठेवा, कुणावर जबरदस्ती नको. लोकांनी आपण होऊन यायला हवं."

"हो साहेब."

"पण हॉल भरला पाहिजे."

याच क्षणी ‘साहेब, रविवारी मला जमणार नाही’ एवढं म्हणायचं होतं. पाच शब्द. मसुदेकरांनी ते मनात नीट जुळवले, तोंड उघडलं, आणि तोंडातून निघालं, "चालेल साहेब."

जागेवर येऊन त्यांनी कपाळ चोळलं. आता वाट एकच होती. नोटीस अशी लिहायची की चिटपाखरू फिरकणार नाही आणि व्याख्यान आपोआप बारगळेल. हे काम त्यांच्या हातचा मळ होतं. सव्वीस वर्षं नोटिसा लिहून कुठल्या शब्दाला किती माणसं येतात याचा पक्का हिशेब त्यांच्याकडे होता. ‘विनंती आहे’ लिहिलं तर कुणी येत नसे, विनंती करणाराही नाही. ‘अपेक्षित आहे’ लिहिलं की प्रत्येक टेबलावरून एक जण येई, तोही आपसात पाळी लावून. ‘आवश्यक आहे’ लिहिलं की सगळे येत, सही करत आणि मागच्या जिन्याने पसार होत. आणि ‘बंधनकारक आहे’ असं लिहिलं की दुसऱ्या दिवशी टेबलावर डॉक्टरांच्या दाखल्यांचा ढीग पडे. एका ‘बंधनकारक’ला तर अर्ध्या कार्यालयाची कंबर एकाच सकाळी धरली होती.

मसुदेकरांनी ‘बंधनकारक’ लिहिलं आणि कागद साहेबांपुढे ठेवला.

"बंधनकारक?" साहेब दचकले. "अहो, हे कार्यालय आहे की तुरुंग? खोडा ते. लिहा, ‘उपस्थिती पूर्णपणे ऐच्छिक आहे.’"

मसुदेकरांनी घाईने कागद मागे ओढला. "साहेब, ऐच्छिक नको. त्यापेक्षा ‘विनंती’ लिहू का?"

"मी कशाला विनंती करू? ऐच्छिकच लिहा. आणि पुढे लिहा, सहकुटुंब आल्यास आनंद वाटेल."

साहेब नवे असल्यामुळे त्यांना एक गोष्ट माहीत नव्हती. या कार्यालयात ‘ऐच्छिक’ हा शब्द याआधी एकदाच वापरला गेला होता. आठ वर्षांपूर्वी त्या वेळच्या साहेबांनी सुट्टीच्या दिवशी झाडं लावायला बोलावलं होतं, उपस्थिती ऐच्छिक. नऊ जण आले नाहीत. महिन्याभरात त्या नऊही जणांची बदली तळ्यावरच्या पंपघरात झाली. तिथे दिवसातून दोनदा बस जाते, आणि त्यातली एकच परत येते. हा निव्वळ योगायोग आहे असं ते साहेब निवृत्त होईपर्यंत सांगत राहिले. त्यामुळे तर लोकांची खात्रीच पटली.

नोटीस बारा वाजता फळ्यावर लागली. सव्वाबारापर्यंत कार्यालयाच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

पहिले आले स्टोअरकीपर. त्यांचा पाय प्लास्टरमध्ये होता. तरी ते तळमजल्यावरून दोन जिने कुबड्यांवर चढून आले.

"मसुदेकर, खरं सांगा. ऐच्छिक म्हणजे किती ऐच्छिक?"

"अहो, खरोखरच ऐच्छिक. तुम्ही नका येऊ. पाय बघा तुमचा."

स्टोअरकीपरांचे डोळे बारीक झाले. "नका येऊ असं सगळ्यांना सांगताय की फक्त मलाच?"

"तुम्हीच पहिले विचारायला आलात म्हणून..."

"म्हणजे फक्त मलाच!" स्टोअरकीपरांनी टेबलाचा आधार घेतला. "कुणी सांगितलं तुम्हाला माझं नाव घ्यायला? साहेबांनी? कळलं. मी येणार. चाकाच्या खुर्चीवरून येईन, पण येईन."

मागोमाग टायपिस्ट बाई आल्या. तीन महिन्यांच्या नातवाला बघायला त्या शनिवारी संध्याकाळच्या गाडीने मुलाकडे जाणार होत्या. तिकीट काढलेलं होतं.

"तुम्ही बिनधास्त जा बाई," मसुदेकर कळवळून म्हणाले. "काही होत नाही."

"मागच्या वेळी त्या नऊ जणांनाही कुणीतरी हेच सांगितलं असेल," बाई म्हणाल्या आणि तिथूनच त्यांनी मुलाला फोन लावला. "हे बघ, मी येत नाही, तुम्हीच इकडे या. हो, बाळालाही आणा. सहकुटुंब लिहिलंय. अरे, आनंद वाटेल असं लिहिलंय, म्हणजे समजून घे ना!"

संध्याकाळपर्यंत मसुदेकरांनी अकरा जणांना येऊ नका म्हणून सांगितलं. त्या अकराही जणांनी येणार म्हणून आपली नावं लेखी दिली. शेवटी ते स्वतःच साहेबांकडे गेले.

"साहेब, लोक घाबरलेत. ते ऐच्छिक..."

"घाबरले? का?" साहेबांना मनापासून वाईट वाटलं. "मग खाली एक ओळ वाढवा. ‘जे येणार नाहीत त्यांच्याबद्दल माझ्या मनात कसलाही आकस असणार नाही.’"

मसुदेकरांनी टेबलाची कड घट्ट धरली. "साहेब, आकस हा शब्दच..."

"हाच शब्द. लोकांना धीर येईल."

ती ओळ पाच वाजता फळ्यावर लागली आणि साडेपाचला तळ्यावरून फोन आला. पंपघरातले ते नऊ जण विचारत होते की आम्हालाही ऐच्छिक आहे का.

शनिवारी सकाळी साहेब प्रसन्न दिसत होते. पुढ्यात येणाऱ्यांची यादी होती. माणसं दोनशे नव्वद आणि एक तान्हं बाळ.

"पाहिलंत मसुदेकर? जबरदस्ती केली असती तर इतके आले असते का? आता अडचण जागेची आहे. आपल्या हॉलमध्ये साठच खुर्च्या. वाचनालयाच्या हॉलमध्ये तीनशे आहेत. मी चौकशी केली. तिथे उद्या दहा ते साडेअकरा कसलंसं गाणंबजावणं आहे, दहा-बारा माणसं येतात म्हणे. त्यांना एक पत्र लिहा, की हॉल आम्हाला द्यावा. सौम्य भाषेत लिहा. पण असं लिहा की त्यांना द्यावाच लागेल."

मसुदेकर जागेवर येऊन बसले. पेन उघडलं. हात सवयीने चालायला लागला आणि दहा मिनिटांत पत्र तयार झालं. सव्वीस वर्षांत त्यांनी असं पत्र लिहिलं नव्हतं. त्यात कुठे दमदाटी नव्हती, हुकूम नव्हता. उलट ‘आपल्या सौजन्याची आम्हास खात्री आहे’ असं होतं, ‘आपली गैरसोय होणार याची आम्हास जाणीव आहे’ असंही होतं. वाचणाऱ्याला नकाराची एकही फट ठेवलेली नव्हती. त्यांनी ते परत एकदा वाचलं. वाचता वाचता त्यांना स्वयंपाकघरात बसलेली बायको दिसली, हातात हे पत्र धरलेली. ती काय म्हणेल तेही त्यांना ऐकू आलं. ‘असू दे.’

त्यांनी पत्राची घडी केली, खिशात घातली आणि वाचनालयात गेले. ग्रंथपाल बाई जुन्या पुस्तकांना कव्हरं घालत बसल्या होत्या.

"साडेअकरानंतर हॉल मिळेल का हो? आमच्या साहेबांचं व्याख्यान आहे."

"घ्या की. मी एकला कुलूप लावते, त्याआधी आटपा म्हणजे झालं."

मसुदेकर जाता जाता हॉलमध्ये डोकावले. तीनशे रिकाम्या खुर्च्या मंचाकडे तोंड करून बसल्या होत्या. तीन वर्षं बायको या खुर्च्यांसमोर गाण्याची तयारी करत होती. आणि मसुदेकरांच्या मनात एक बेत आला. त्यांना तो इतका आवडला की परतताना ते चक्क शीळ वाजवत आले.

"वाचनालयवाले हलायला तयार नाहीत साहेब," त्यांनी सांगितलं. साहेबांशी बोललेलं हे त्यांचं पहिलं खोटं. "आपल्याला साडेअकराला मिळेल."

"पत्र देऊनही?"

"देऊनही." हे दुसरं.

मग फळ्यावर तिसरी नोटीस लागली. व्याख्यानाची वेळ साडेअकरा. आणि खाली मसुदेकरांनी स्वतःच्या अकलेने एक ओळ घातली होती. ‘आसनव्यवस्थेच्या सोयीसाठी दहा वाजता येऊन बसणे ऐच्छिक आहे.’ दहाला कोण कोण येणार याची त्यांना मुळीच काळजी नव्हती.

संध्याकाळी जेवताना ते मनातल्या मनात हसत होते. बायको ताटावर बसूनही गुणगुणत होती. मधेच थांबून म्हणाली, "खरं सांगू? मी या वेळी नकोच म्हणत होते. आमच्या वर्गाच्या बाईंनी गळच घातली. म्हणाल्या, अगं घाबरतेस काय, दहा-बारा माणसं असतात, त्यातली चार डुलक्या काढतात. तेवढ्यावर हो म्हटलं. तीस माणसं असती ना, तर मी मंचावर पाऊल ठेवलं नसतं. दातखीळच बसली असती माझी."

मसुदेकरांचा घास घशात अडकला.

"काय झालं? पाणी घ्या."

"काही नाही," पाणी पिऊन ते म्हणाले. "समज, पन्नास माणसं आली..."

"शुभ बोला हो!"

मसुदेकरांनी भात पुन्हा कालवायला घेतला. सक्तीचे इतके शब्द येणाऱ्या माणसाला कबुली द्यायला एक शब्द सापडेना.

रविवारी साडेनऊला वाचनालयाच्या दारात झुंबड उडाली होती. स्टोअरकीपर भाड्याच्या चाकाच्या खुर्चीतून आले होते आणि साहेबांना दिसावं म्हणून प्लास्टरचा पाय पुढे काढून बसले होते. टायपिस्ट बाई सून, मुलगा आणि नातू अशा लवाजम्यासह होत्या. पंपघरातले नऊही जण सकाळच्या बसने येऊन धुतलेल्या कपड्यांत रांगेत उभे होते. ग्रंथपाल बाईंनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

"या, मसुदेकर!" साहेबांनी त्यांच्या हातात एक जाड वही ठेवली. "दारात टेबल टाका आणि सह्या घ्या. उशिरा येणाऱ्यांच्याही. साडेअकरापर्यंत इथून हलू नका. सह्या अर्थात ऐच्छिक आहेत."

मसुदेकरांनी वहीकडे पाहिलं. आतून तंबोऱ्याचा सूर येत होता. त्यांचे पाय नेहमीप्रमाणे टेबलाकडे निघाले. एक पाऊल पडलं, दुसरं पडलं आणि तिसरं काही केल्या पडेना.

"साहेब," ते म्हणाले. आवाज इतका बारीक होता की त्यांनाच तो अनोळखी वाटला. "मला नाही जमणार. आत माझी बायको गाणार आहे. मला आत बसायचंय."

आजूबाजूचे दहा-बारा जण श्वास रोखून उभे राहिले. स्टोअरकीपरांनी तर डोळेच मिटले.

साहेब म्हणाले, "मग बसा की आत. तुम्हाला कुणी अडवलंय?"

सव्वीस वर्षांत कुणीच अडवलं नव्हतं, हे मसुदेकरांना आत्ता कळत होतं. मग त्यांनी वही टेबलावर ठेवली आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले.

बायकोचा क्रमांक तिसरा होता. ती मान खाली घालून आली, बसली, पदर सारखा केला आणि वर पाहिलं. समोर दोनशे नव्वद माणसं पाठ ताठ करून बसली होती. एकही डुलकी काढत नव्हता, साहेबांदेखत कोण काढणार? तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. तंबोरा वाजत राहिला. गायनवर्गाच्या बाईंनी हळूच खुणावलं, तरी तिचा ओठ हलेना.

मसुदेकर खुर्चीच्या कडेवर सरकले. आपणच हे सगळं ओढवून घेतलं. तिने त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा त्यांनी हात किंचित वर केला, मान हलवली आणि ओठांनीच सांगितलं, "नको गाऊस. राहू दे. घरी जाऊ." आयुष्यात पहिल्यांदाच ते कसलाही बेत मनात न ठेवता कुणाला तरी मोकळं करत होते, आणि तेही अगदी मनापासून.

बायकोने ते पाहिलं. तिच्या कपाळावर एक आठी चढली. मसुदेकरांना ती आठी चांगली परिचयाची होती. नको म्हटलेली प्रत्येक गोष्ट त्या आठीने करून दाखवली होती. तिने डोळे मिटले आणि पहिला सूर लावला.

आवाज सुरुवातीला कापला, मग सावरला, आणि मग हॉलभर झाला. मसुदेकर बघतच राहिले. स्वयंपाकघरात त्यांनी ऐकला होता तो या आवाजाचा जेमतेम चतकोर होता.

गाणं संपलं. दोनशे नव्वद माना एकदम साहेबांकडे वळल्या. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा सगळ्यांनी वाजवल्या आणि साहेब थांबल्याबरोबर सगळे थांबले. मसुदेकरांना ओशाळल्यासारखं झालं. या टाळ्याही ऐच्छिकच होत्या.

बायकोने दुसरं गाणं सुरू केलं. हे संथ होतं. ते निम्म्यावर आलं असताना साहेब उठले आणि घाम पुसत बाहेर निघून गेले. गाणं संपलं तेव्हा सगळ्यांच्या माना पुन्हा वळायला हव्या होत्या. पण एकही वळली नाही. साहेबांची खुर्ची रिकामी आहे हेसुद्धा कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. मग स्टोअरकीपरांनी चाकाच्या खुर्चीच्या हातावर थाप मारली आणि टाळ्या फुटल्या त्या थांबेचनात. बाळ दचकून रडायला लागलं, तर टायपिस्ट बाई एका हाताने त्याला थोपटत दुसरा हात मांडीवर आपटत होत्या. आणि आठ वर्षांत ज्याने कुणाकडे काही मागितलं नव्हतं असा पंपघरातला एक जण उभा राहून ओरडला, "वन्स मोअर!"

बायकोचं लक्ष मसुदेकरांकडे गेलं. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते रुमालाऐवजी खिशातल्या त्या पत्रानेच पुसत होते.

साडेअकरा वाजून गेले. आत तिसरं गाणं चालू होतं. मसुदेकर साहेबांना शोधायला बाहेर आले. साहेब वाचनालयाच्या पायरीवर बसले होते, मांडीवर व्याख्यानाचे कागद होते.

"साहेब, तुमची वेळ..."

"बसा," साहेब म्हणाले. त्यांनी खिशातून एक कागद काढून पुढे केला. मुख्यालयाचा शिक्का होता. ‘नवीन अधिकाऱ्यांनी पहिल्या तीन महिन्यांत कर्मचाऱ्यांसाठी एक व्याख्यान देणे पूर्णपणे ऐच्छिक आहे.’

"माझ्या आधीच्या ठिकाणी दोघांनी दिलं नाही," साहेब हळू आवाजात म्हणाले. "आज कुठे आहेत माहीत आहे?"

"तळ्यावर?"

"त्याच्याही पलीकडे." साहेबांनी सुस्कारा सोडला. "मसुदेकर, मला चार माणसांसमोर बोलता येत नाही हो. पाचव्याला घाम फुटतो. म्हटलं ऐच्छिक लिहिलं तर कुणी येणार नाही. चार-पाच जण येतील, दहा मिनिटांत उरकू. आणि ही जत्रा उसळली."

"पण हॉल भरला पाहिजे असं तुम्हीच म्हणाला होतात."

"ते म्हणावं लागतं! काल यादी बघून हसावंही लागलं, आणि मोठा हॉलही शोधावा लागला!"

मसुदेकरांना आपल्या साहेबांविषयी प्रथमच माया वाटली. त्यांनी खिशातलं ओलं पत्र काढलं, ते उलटं केलं आणि कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं. ‘मा. मुख्यालय यांस, व्याख्यानाची संपूर्ण सिद्धता करण्यात आली होती. दोनशे नव्वद श्रोते उपस्थित होते. तथापि श्रोत्यांच्या आग्रहामुळे आधीचा कार्यक्रम लांबल्याने आणि हॉल एक वाजता बंद होत असल्याने अपरिहार्य कारणास्तव...’

"अपरिहार्य!" साहेबांचा जीव भांड्यात पडला. "काय शब्द आहे हो! अजून एखादं गाणं म्हणतील का त्या?"

दुपारी दोघं पायी घरी निघाली. बायको म्हणाली, "ती सगळी माणसं तुम्हीच आणलीत ना?"

"मीच," मसुदेकर म्हणाले. "चुकलं माझं. तुझ्या पहिल्या टाळ्या साहेबांच्या धाकाच्या होत्या, तेही सांगून टाकतो. पण दुसऱ्या तुझ्याच. तेव्हा साहेब बाहेर होते."

बायको चालता चालता थांबली. "बाहेर होते?"

"पायरीवर. पत्ताच नव्हता कुणाला."

ती हसली आणि पुन्हा चालू लागली. कोपऱ्यावर आल्यावर म्हणाली, "पुढच्या महिन्यातही आहे. तुम्ही यायलाच पाहिजे असं..."

"मला यायचंय," मसुदेकर म्हणाले.

सोमवारी ते कार्यालयात येऊन बसतात न बसतात तोच स्टोअरकीपर कुबड्या टेकत दाखल झाले. चेहरा खुलला होता.

"काय गातात हो वहिनी! पुढच्या महिन्यात पुन्हा आहे म्हणे. नोटीस कधी काढताय?"

"नोटीस नाही निघणार," मसुदेकर हसून म्हणाले. "ज्याला यावंसं वाटेल तो येईल. बस्स."

स्टोअरकीपरांचं हसू मावळलं. त्यांनी साहेबांच्या बंद दाराकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"नोटीससुद्धा नाही? अरे देवा! म्हणजे सगळ्यांना यावंच लागणार!"

आणि ते बाकीच्यांना सांगायला कुबड्यांवर लगबगीने जिना उतरू लागले.